नारळीकर सरांचं चुकलं होतं का? नववीतल्या पोराला काय सांगू?

खडूची_पूड | ७ जुलै २०२५

मंडळी, सल्ला हवाय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी कागल तालुक्यातल्या एका गावात गणित-विज्ञान शिकवतो. एकवीस वर्षं झाली. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात श्रद्धांजलीचा एक फळा आहे. त्यावर ऑइलपेंटनं कायमचं लिहून ठेवलंय, 'यांच्या दुःखद निधनाने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे.' वरची ओळ तेवढी मोकळी, खडूनं नाव घालायला. गेल्या ऑक्टोबरात तिथं रतन टाटा आले. डिसेंबरात झाकीर हुसेन, आणि दहा-अकरा दिवसांत मनमोहन सिंग. नाव पुसायचं, नाव लिहायचं, पोकळी तीच. त्यातही आमच्या शिपायानं आधीचं नाव नीट पुसलं नव्हतं, त्यामुळं दोन दिवस मनमोहन सिंगांच्या मागं एक फिकट 'सेन' दिसत होतं.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सर गेले २० मे ला. तेव्हा उन्हाळी सुट्टी. १६ जूनला शाळा भरली तोवर बातमी शिळी झालेली, म्हणून त्यांचं नाव फळ्यावर आलंच नाही. मला ते लागलं. माणूस आमच्या कोल्हापुरात जन्मलेला, १९ जुलै १९३८ ला. यंदा १९ जुलैला शनिवार आहे, सकाळची शाळा. मुख्याध्यापकांकडून शेवटचा एक तास मागून घेतला.

तयारी म्हणून नववीला आधीच थोडं सांगून ठेवलं. बनारसला वडील विश्वविद्यालयात गणिताचे प्रमुख, घरात भिंतीवर फळा, त्यावर मोरूमामा एखादं अवघड गणित लिहून ठेवायचे आणि ते सुटेपर्यंत किंवा पोरगा हार मानेपर्यंत पुसायचं नाही. मग केंब्रिज, रँग्लर, गुरू फ्रेड हॉईल, १९६४ चा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, २६ व्या वर्षी पद्मभूषण. पोरं गप्प बसून ऐकत होती. शेवटच्या तासाला हे आमच्याकडं घडत नाही.

दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरचा एक उभा राहिला. डोक्यानं तिखट पोरगं, वही मात्र कधी पुरी नसते. म्हणाला, "सर, मी मोबाईलवर बघितलं. ते म्हणत हुते महास्फोट झालाच न्हाई. पण समदीकडं तर झालाय म्हणून लिवलंय. मग ह्यांचं गणित चुकलं तरी पद्मविभूषण दिलं व्हय?"

वर्ग हसला. मी "उद्या सांगतो" म्हणालो. त्या 'उद्या'ला आता अडीच आठवडे झाले.

मुख्याध्यापक म्हणतात, श्रद्धांजलीत चुका काढत नसतात, तो भाग गाळा. इंग्रजीच्या सरांनी मला 'ज्यांनी आइन्स्टाइनला खोटं पाडलं' असा एक फॉरवर्ड पाठवलाय, तो वाचून दाखवा म्हणतात. तोही खरा नाही, एवढं मला कळतं. द्रव्य सगळीकडं सारखं पसरलंय असं धरलं की हॉईल-नारळीकरांच्या मांडणीतून आइन्स्टाइनचीच समीकरणं हाती येतात. त्यांनी ती पाडली नाहीत, त्यांना मागून एक आधार द्यायला गेले.

तर सांगा. त्यांचा विश्वाबद्दलचा सिद्धांत बहुतेक शास्त्रज्ञांनी मानला नाही हे नववीच्या पोरांपुढं, त्यांच्याच जयंतीला, सांगावं का? आणि सांगायचं तर कसं?

---

सदाशिवपेठी_तिरका | ७ जुलै

तुमचे मुख्याध्यापक बरोबर आहेत, आणि मी हे मुख्याध्यापकांबद्दल आयुष्यात पहिल्यांदा म्हणतोय.

२१ मे ला मी वैकुंठ स्मशानभूमीत होतो. शासकीय इतमाम, पोलिसांची मानवंदना, सगळं रीतसर. माझ्या पुढे दोन कॉलेजची पोरं उभी होती. पैकी एकाच्या हातात त्यांच्या विज्ञानकथांचं पुस्तक, ग्रंथालयाचा शिक्का असलेलं, पाठीला चिकटपट्टी. त्याला विश्व कायम असंच आहे (स्थिर स्थिती) की महास्फोटातून आलं याच्याशी काडीचं देणंघेणं नसावं. तो गोष्टींसाठी आला होता. तुमच्या पोरांनाही गोष्ट द्या. चौदा वर्षांच्या मुलाला तुम्ही चाळीस मिनिटं काहीही सांगा, घरी जाऊन तो एकच शब्द सांगणार, 'चुकले'. श्रद्धांजली म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा नव्हे.

आणि तो फॉरवर्ड पाठवणाऱ्या सरांना आमच्याकडे पाठवा. चहा आमच्याकडून.

---

ताम्रसृती | ८ जुलै

तिरकेबुवांशी साफ असहमत. मी विश्वशास्त्रातच काम करतो, पक्का महास्फोटवाला आहे, तरी हे लिहितोय.

आधी त्या मुलाचा प्रश्न नीट करून देऊ या. गणित चुकलं नव्हतं. गणित आणि गृहीतक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नववीत कळायलाच हवं. १९४८ मध्ये बाँडी, गोल्ड आणि हॉईल यांनी मांडलं की विश्व प्रसरण पावतंय हे खरं, पण ते कायम असंच दिसत आलं आहे. दीर्घिका लांब जातात तशी मधल्या जागेत थोडी थोडी नवी द्रव्यनिर्मिती होत राहते. सुरुवात नाही, शेवट नाही. हाच स्थिर स्थितीचा सिद्धांत, नारळीकर ज्याच्या बाजूने उभे राहिले तो. तेव्हा ही मांडणी मुळीच वेडगळ नव्हती. उलट महास्फोटाचीच पंचाईत होती, कारण त्या काळच्या मोजमापांनुसार विश्वाचं वय पृथ्वीपेक्षा कमी निघत होतं! आईपेक्षा लेक मोठी. आणि गंमत म्हणजे 'बिग बँग' हा शब्दही हॉईलचाच, १९४९ च्या बीबीसी रेडिओवरच्या भाषणातला. विरोधकाने बारसं केलं.

आता मुलांना सांगण्यासारखा प्रसंग. फेब्रुवारी १९६१. केंब्रिजमध्येच मार्टिन राइल आकाशातले रेडिओलहरी पाठवणारे स्रोत मोजत होते. त्यांनी जाहीर केलं की दूरचे, फिके स्रोत अपेक्षेपेक्षा फार जास्त आहेत. दूरून येणाऱ्या लहरी जुन्या काळच्या, म्हणजे पूर्वीचं विश्व आजच्यासारखं नव्हतं. म्हणजे स्थिर स्थितीचा सिद्धांत निकालात निघाला. वर्तमानपत्रांत बातम्या. उत्तर द्यायला रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची सभा ठरलेली आणि हॉईलना त्या दिवशी दुसरीकडे व्याख्यान. त्यांनी कोणाला उभं केलं? संशोधनाला नुकती सुरुवात केलेल्या २२ वर्षांच्या जयंत नारळीकरांना. समोर राइल. तुमच्या मागच्या बाकावरच्या पोराला विचारा, तालुक्याच्या स्पर्धेत ऐन वेळी सर आले नाहीत तर तो उभा राहील का.

पुढे १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांना आकाशाच्या सगळ्या दिशांकडून येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं. महास्फोटाची मांडणी ते सहज समजावून देते, स्थिर स्थितीला ते जड गेलं. बहुतेकांच्या मते वाद तिथे संपला. हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकरांनी १९९३ मध्ये सुधारित रूप आणलं, आभासी स्थिर स्थिती. त्यात विश्व दीर्घकाळ प्रसरण पावत असतानाच छोट्या छोट्या आवर्तनांत आकुंचन-प्रसरणही करतं, आणि ते प्रारण म्हणजे ताऱ्यांचाच प्रकाश, अंतराळातल्या लोखंडाच्या सुईसारख्या बारीक कणांनी शोषून पुन्हा बाहेर टाकलेला. मला ते कण कधीच पटले नाहीत. अनेकांना पटले नाहीत. पण मांडणी अशी होती की तपासता येईल, आणि हा मोठाच गुण आहे.

दुसरं असं की 'चुकीच्या' सिद्धांताने काय दिलं तेही सांगा. हॉईलना सुरुवातीचा प्रचंड तप्त स्फोट मान्यच नव्हता, त्यामुळे जड मूलद्रव्यं तयार कुठे होतात याचं उत्तर त्यांना ताऱ्यांच्या पोटात शोधावं लागलं. १९५७ चा त्यांचा आणि तीन सहकाऱ्यांचा निबंध आजही त्या विषयाचा पाया आहे. तुमच्या वर्गातल्या मुलींच्या हिमोग्लोबिनच्या गोळ्यांमधलं लोखंड ताऱ्यांतच शिजलं, हे आपल्याला असं कळलं.

आणि तिसरी गोष्ट, माझ्या लेखी सगळ्यात मोठी. १९७२ मध्ये ते परत आले, आधी मुंबईत टीआयएफआर या संशोधनसंस्थेत, मग १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली आणि २००३ पर्यंत संचालक राहिले. या काळात संचालकांचा सिद्धांत तिथे कुणावर सक्तीचा नव्हता. ज्यांचे ते स्वतः मार्गदर्शक होते ते पद्मनाभन प्रचलित विश्वशास्त्रातच नावाजले. संजीव धुरंधर गुरुत्वीय लहरींच्या मागे लागले. आपल्या देशात साहेबांच्या मताविरुद्ध काम करून साहेबांच्याच कँटीनमध्ये शेजारी जेवायला बसता येतं अशा किती जागा आहेत? मोजा. हाताची बोटं पुरतील आणि अंगठा उरेल.

---

सदाशिवपेठी_तिरका | ८ जुलै

आईपेक्षा लेक मोठी हे मात्र झकास. बाकी माझं मत तेच.

---

आकडेमोड | ९ जुलै

मला दोन परीक्षा सांगायच्यात. एक त्यांनी दिलेली, एक त्यांनी घेतलेली.

१९७४. मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा. नारायण विनायक जगताप नावाच्या कुणा अनोळखी माणसाच्या 'कृष्णविवर' कथेला पहिलं बक्षीस. हे जगताप म्हणजे नारळीकर. नावाची आद्याक्षरं उलटी केलेली, ज. वि. ना. चं ना. वि. ज. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंनी आपल्या अक्षरात लिहून काढली. एव्हाना पद्मभूषण मिळून नऊ वर्षं झाली होती. नावावर बक्षीस पदरात पडलं असतं, तेच त्यांना नको होतं.

दुसरी २००८ च्या सुमारची. नरेंद्र दाभोलकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक कुंटे आणि ज्योतिषाची चिकित्सा करणारे प्रकाश घाटपांडे यांच्याबरोबर केलेली फलज्योतिषाची चाचणी. शंभर हुशार मुलं आणि शंभर बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलं, अशा दोनशे कुंडल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस. नाव नाही, फक्त पत्रिका, सांगा कोणती कुठली. २७ जणांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवलं तरी चाळीसात वीस बरोबर यावीत. यांची सरासरी ४६ टक्के आली. मी तेव्हा कॉलेजात होतो. आकडे ऐकून मी पहिल्यांदा घरी जाऊन स्वतः चाळीस वेळा नाणं उडवलं. २३ छापे आले. आई विचारायला लागली, पैसे मोजतोयस की काय.

दोन्हीकडे युक्ती एकच, परीक्षकाला नाव दिसू द्यायचं नाही. म्हणून खडूची_पूड, तुम्ही त्यांच्या सिद्धांताचा निकाल लपवलात तर मला ते विचित्र वाटेल. निकाल लपवणं हे त्यांच्या घरातलं नव्हे.

---

गणितवाली_मावशी | १० जुलै

एक आठवण करून देते. १९ च्या दोन दिवस आधी १७ जुलै येते. मंगलाताई नारळीकर गेल्या त्याला त्या दिवशी दोन वर्षं होतील. तुमच्या फळ्यावर तेव्हा त्यांचं नाव आलं होतं का? नसणार. आमच्याही नव्हतं.

त्या गणितज्ञ होत्या, नुसत्या 'सौ.' नव्हत्या. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीने 'वीस सात' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! विधानसभेपर्यंत गेलं, नकला झाल्या, मीम झाले. बालभारतीच्या गणित समितीच्या त्या अध्यक्ष होत्या, सगळं त्यांच्यावर आलं. मी तेव्हा दुसरीलाच शिकवत होते. 'सत्तावीस लिही' म्हटलं की पोरगं आधी ७ लिहायचं, कारण कानाला आधी सत्ता ऐकू येतं. मग २. झाले ७२. रोज किमान सहा वह्यांत. ज्यांनी नकला केल्या त्यांतल्या कुणी दुसरीचा वर्ग पाहिला असेल असं वाटत नाही.

मला स्वतःला 'वीस सात' कानाला गोड लागत नाही, खरं सांगते. पण वह्यांत ७२ कमी झाले होते.

त्यांचंही नाव घ्या एवढंच म्हणणं.

---

पोस्टकार्डवाली | ११ जुलै

मी आठवीत असताना आमच्या गावात त्यांचं भाषण झालं. नंतर आम्ही पोरी वह्या घेऊन सहीसाठी रांगेत. सही मिळाली नाही. ते सही देतच नसत. पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तर देईन, त्याखाली सही असेलच, असं सांगायचे. पुढे कळलं, हे सगळीकडेच सांगत आणि उत्तरं खरंच पाठवत.

मी कार्ड आणलं, लिहिलं. वडिलांनी वाचलं आणि म्हणाले, "एवढ्या मोठ्या माणसाला असले प्रश्न विचारून त्रास द्यायचा नाही." कार्ड पुस्तकात गेलं. मग दहावी, बारावी, बँक, लग्न.

२० मे ला संध्याकाळी 'यक्षांची देणगी' काढलं माळ्यावरून. कार्ड त्यातच. पिवळं पडलेलं, एका कडेला कसर लागलेली, आडनावात 'ळि' ऱ्हस्व. प्रश्न होता, 'विश्व पसरते आहे तर ते कशात पसरते आहे? बाहेर काय आहे?' खाली पत्ता, आयुका, पुणे. शाईच्या पेनाने लिहिलेलं, 'पुणे'वर पाण्याचा थेंब पडून फुगलेला.

वडील आता ऐंशीचे आहेत. त्यांना दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "प्रश्न बरा होता की गं."

सर, मुलांना भाषण कमी द्या. कार्डं द्या.

---

ताम्रसृती | ११ जुलै

पोस्टकार्डवाली, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: बाहेर असं काही असावंच लागत नाही, अंतरंच वाढताहेत. मुलांना मी फुगा दाखवतो, पण फुग्यालाही बाहेर असतं, त्यामुळे ते उदाहरण तिथे दगा देतं. याहून चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही. तीस वर्षं उशीर झाला, आणि सही माझी, तेव्हा किंमत कमीच.

खडूची_पूड, कार्डं लिहून घेतलीत तर माझ्याकडे पाठवा. मी आणि दोन-तीन विद्यार्थी उत्तरं लिहू. मराठीत, हाताने.

---

खडूची_पूड | २० जुलै

सगळ्यांचे आभार. काल झालं, ते सांगतो.

फळ्यावर दोन नावं लिहिली, मंगला आणि जयंत नारळीकर. शिपाईमामा म्हणाले, "सर, ह्यात तर एकाचीच जागा हाय." बारीक अक्षरात बसवली.

तिरकेबुवा, गोष्टीनंच सुरुवात केली. पण मग निकालही सांगितला. १९६१ च्या सभेपर्यंत आलो आणि त्या पोराला पुढं बोलावलं, म्हटलं, तू राइल हो. दुसऱ्या एकाला नारळीकर केलं. व्हरांड्यातल्या ट्यूबा मोजायला लावल्या, जवळच्या किती, लांबच्या किती, लांबच्या जास्त निघाल्या तर काय म्हणायचं. नारळीकर झालेला घाबरून गप्पच उभा राहिला. राइल झालेला मात्र सुटलाच. मुख्याध्यापक मागं हाताची घडी घालून उभे होते. लोखंडाच्या सुयांपाशी पोचलो तसे त्यांनी घड्याळ बघितलं, बोलले काही नाहीत.

मग त्या पोराला विचारलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का? म्हणाला, "निम्मं." मी पुढं ओढलं नाही.

कार्डांची गोष्ट वेगळीच. आमच्या पोस्टात चौकशी केली तर सतराच शिल्लक. "हल्ली न्हेतंय कोण?" पन्नास पैशाचं कार्ड, सुट्टे कुणाकडंच नाहीत. बाकीची कोल्हापूरहून आणली. एकूण ४१ झाली. बहुतेक पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा पोस्टकार्ड हातात धरलं. तिकीट कुठं लावायचं म्हणून विचारत होती. तिघींनी एकच प्रश्न लिहिलाय, एकमेकींचं बघून. दोघांनी कृष्णविवरात पडलो तर किती लागेल असं विचारलंय (दुखेल अशा अर्थानं). एका मुलीनं लिहिलंय, 'मंगला मॅडमनी कथा लिहून काढली तर बक्षिसात त्यांचा वाटा होता का?' मावशी, हे तुमच्यासाठी.

आणि त्या मागच्या बाकावरच्याचं कार्ड जसंच्या तसं उतरवतो. 'ज्यांनी ह्यांचं चुकलं म्हणून ठरवलं त्यांचं बरोबर आहे का ते आता कोण बघतंय? मला नाव पाहिजे.'

ताम्रसृती, पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवा. उद्या टपालात टाकतो. एका कार्डावर पत्त्याच्या जागी प्रश्न आणि प्रश्नाच्या जागी पत्ता लिहायची रेघ आखून ठेवलीय, ते मी पाकिटात घालून पाठवीन.